चिमूटभर चुन्याची करामत

‘खर्रा काय नशा असते का?’ चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुठल्याही पानठेल्यावर हे ऐकायला मिळतं. दारू वाईट, गांजा वाईट. खर्रा मात्र चहाच्या पंगतीतला. एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर रात्र काढणाऱ्या बेघर पोरांकडे पाहिलं की हा हिशेब कोलमडतो. त्यांच्यात व्यसन सहसा एकटं नसतं. गालात खर्रा, कानावर बिडी, खिशात हुंगायला पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून घोटलेला. यातला खरा उस्ताद चुना. निकोटीनचा रेणू दोन रूपांत असतो. आम्लाकडे झुकलेल्या द्रावणात त्याला एक प्रोटॉन चिकटतो, रेणू धनभारित होतो. गालाच्या आतल्या पेशींचं आवरण स्निग्ध असतं. भारित रेणू त्यातून सहजी जात नाही. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी. पीएच 8 च्या आसपास निम्मे रेणू भारमुक्त होतात. पीएच एकाने वाढला की भारमुक्त आणि भारित रेणूंचं गुणोत्तर दसपट होतं. म्हणजे पीएच 6 ला शंभरात जेमतेम एक रेणू मोकळा, 9 ला नव्वद. चुना आम्लाच्या उलट गुणाचा, तो घोटला की पीएच वाढून नेमकं हेच होतं, आणि निकोटीन गालातून थेट रक्तात शिरतं. तेच गिळलं असतं, तर बरंचसं यकृतातच निकामी झालं असतं. (‘चुन्यात कॅल्शियम असतं, हाडं मजबूत होतात’ हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

मेंदूत ॲसिटिलकोलीन हा निरोप्या पेशींवरच्या दोन प्रकारच्या ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूंवर, काम करतो. निकोटीन एका प्रकारावर बसतं, सुपारीतलं ॲरेकोलीन मुख्यतः दुसऱ्यावर. एका पुडीत दोन्ही. शिवाय सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी.

पण उपाशी पोराला खर्रा का हवा? ‘भूक मरते’ म्हणून. हे खरंच आहे. 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की निकोटीन हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या, तृप्तीचा निरोप देणाऱ्या चेतापेशींना चेतवतं. पोट रिकामंच, मेंदूला मात्र जेवल्याची वर्दी. निकोटीन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं, की दुसरी पुडी.

सोल्युशनचा रस्ता निराळा. त्यातली टोल्युइनसारखी द्रव्यं फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोचतात. पोरगं सुन्न होतं. थंडी, मार, डास काही जाणवत नाही. शिवाय या वाफेने हृदय घाबरल्यावर रक्तात सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिनला भलतंच संवेदनशील होतं. अशा वेळी पोरगं दचकलं किंवा जीव घेऊन पळालं, तर ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो, अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्याचाही. म्हणून रुमाल नाकाला लावून बसलेल्या पोट्ट्यामागे काठी घेऊन धावू नये. शांतपणे बोलून त्याला मोकळ्या हवेत बसवावं आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावावा.