सड्यावरचं कंदीलफूल आणि धोबी तलावचं कपाट

माझ्या शेजारच्या काकू देवगडकडच्या. लालबागच्या चाळीत पन्नास वर्षं काढली, तरी पहिला पाऊस पडला की त्यांना गावचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आठवतं. एकदा पेपरात कोकणात सापडलेल्या एका नव्या कंदीलफुलाचा फोटो आला होता. मी तो कौतुकाने त्यांना दाखवला. चष्मा वर सरकवून त्या म्हणाल्या, "ह्यां तर आमच्या सड्यार दर पावसात येता. नवीन खंयचा?"

प्रश्न मला तेव्हा नीट सोडवता आला नाही. काकूंनी पाहिलेलं फूल तेच होतं की त्याचं भावंड, कोण जाणे. कंदीलफुलांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, अनेक प्रजाती सह्याद्रीत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. गावाकडे त्यांना खरपुडी किंवा हमण म्हणतात. गुराखी पोरं त्यांचे कंद उकरून खातात. मग ज्या झाडाचा कंद आजोबांनी खाल्ला, ते नातवाच्या काळात 'नवीन' कसं ठरतं?

झाड डोंगरावर दिसतं तेव्हा ते नवीन नसतं. त्याला आजवर कोणी शास्त्रीय नाव दिलेलं नाही, हे सिद्ध होतं तेव्हा ते नवीन होतं. आणि ते सिद्ध करायला डोंगर उतरून कपाटांपाशी यावं लागतं.

असं एक कपाट मुंबईत धोबी तलावला आहे. सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, १९०६ साली सुरू झालं. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री त्याचे जनक. पुढे फादर सांतापाव यांनी ते वाढवलं. खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षं पालथे घालून त्यांनी तिथल्या वनस्पतींची जी सूची केली, ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. आज या हर्बेरियममध्ये सुमारे दोन लाख नमुने आहेत: दाबून वाळवलेली, जाड कागदावर चिकटवलेली झाडं, कोपऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीवर गावाचं नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, फुलाचा रंग. रंग लिहावाच लागतो, कारण वाळल्यावर जांभळं काय आणि गुलाबी काय, सगळं तपकिरी होतं.

वनस्पतिशास्त्र शिकताना आम्हीही हे केलं आहे. पावसात भिजत घाट चढायचा, झाड कागदांच्या घड्यांत ठेवून प्रेसचे, म्हणजे झाड दाबायच्या फळ्यांचे, पट्टे आवळायचे, आणि घरी आल्यावर रोज ओले कागद काढून कोरडे घालायचे. एक दिवस आळस केला की बुरशी. कंदीलफुलाचं तर प्रेसमध्ये पार चपाटं होतं, म्हणून ते वेगळं बाटलीत, अल्कोहोलमध्ये जपतात. ते फूल जपण्यासारखंच आहे. खाली फुगीर घडा, वर नळी, टोकाला पाकळ्या जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, नळीतले खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. केस कोमेजले की सुटका होते, पण तोवर परागांच्या पिशव्या तिच्या अंगाला चिकटलेल्या असतात. प्रजाती ओळखायची ती याच नळीच्या, पिंजऱ्याच्या आणि आतल्या चिमुकल्या भागांच्या मोजमापावरून.

सह्याद्रीतच एवढ्या वेगळ्या प्रजाती का? पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने कातळ तापतो. अशा जागी ज्यांनी कंदाच्या रूपात जमिनीत दडी मारायची युक्ती साधली, ती झाडं तगली. शिवाय प्रत्येक सडा, प्रत्येक कडा म्हणजे समुद्रातल्या बेटासारखा. मधल्या दरीतलं हवामान वेगळं, माती वेगळी. एका माथ्यावरचं बी दुसऱ्या माथ्यावर सहज पोचत नाही. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की दोन्हीकडची झाडं एकमेकांना परकी होतात. आणि ती दिसतात कधी? वर्षातून काही आठवडे, त्यातही गवत उंच झालेलं असताना. अभ्यासक त्या आठवड्यात त्या कड्यावर नसला, की पुढचा पावसाळा.

तरीही मला वाटतं, अवघड भाग डोंगराचा नाही. हाती आलेलं झाड त्याच्या प्रत्येक नातेवाइकाशी ताडून पाहायचं असतं. प्रत्येक प्रजातीचा एक 'टाइप' नमुना असतो, त्या नावाचा कायमचा साक्षीदार. तो मुंबईत असेल, कोलकात्याला असेल, नाहीतर लंडनच्या क्यू उद्यानात. वनस्पतींच्या नावांचा हिशेब स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३च्या ग्रंथापासून सुरू होतो. तिथपासून आजवर तेच झाड दुसऱ्या कोणी आधी नोंदलं असेल, तर तुमचं नाव बाद. सगळं जमलं तर वर्णन लिहायचं, टाइप नमुना ठरवून हर्बेरियमला द्यायचा आणि छापायचं. २०१२पर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये लागत असे. आता इंग्रजी चालतं.

म्हणूनच कितीतरी नव्या प्रजाती आधीच कपाटात असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं, की गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या नव्या प्रजाती फक्त १६ टक्के होत्या. जवळपास एक चतुर्थांश प्रजातींच्या बाबतीत तर नमुने ५० वर्षांहून जुने होते.

याचं आपल्याकडचं उदाहरण एका गवताचं आहे. १९१९ साली सेजविक आणि बेल यांनी कर्नाटकातल्या गिरसप्पा (जोग) धबधब्याच्या तुषारांत भिजणाऱ्या कातळावरून एक नाजूक गवत आणलं. तो कागद तीस वर्षांहून अधिक काळ नावाविना राहिला. मग वनस्पतिशास्त्रज्ञ बोर यांनी त्याला हबार्डिया हेप्टान्यूरॉन असं नाव दिलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सात शिरांचं. नाव मिळालं, पण गवत पुन्हा कोणाला दिसेना. पुढे त्या धबधब्याच्या शरावती नदीवर धरण झालं, धबधब्याचं पाणी कमी झालं आणि ते नामशेष झालं असंच सगळे धरून चालले. या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते तिलारी घाटात सापडलं! कागदावरचा तो वाळका नमुना नसता, तर समोर काय उगवलंय हे कळलंच नसतं.

नाव मिळालं म्हणजे वर्गीकरण संपलं असंही नाही. ग्रँट रोडचा फ्रेर ब्रिज ज्यांच्या नावाचा, त्याच गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावाने वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६०च्या दशकात जुन्नरजवळच्या एका झाडाचं नाव फ्रेरिया इंडिका ठेवलं. आपली शिंदळ माकुडी: मांसल खोड, लालसर चांदणीसारखं फूल, कड्याच्या कपारीत घर. जवळच्या नातेवाइकांना पानं नाहीत, हिला आहेत, म्हणून हिचं स्वतंत्र घराणं मानलं गेलं. नंतर तिला कॅरलुमा नावाच्या घराण्यात नेलं. तिथे 'इंडिका' आधीच होती, म्हणून तिची 'फ्रेराय' झाली. पुढे डीएनए ताडून पाहिल्यावर काही अभ्यासकांनी या मांसल झाडांसकट तिला कंदीलफुलांच्याच घराण्यात घातलं. सगळ्यांना हे मान्य नाही, आणि मला तो वाद निरोगी वाटतो.

प्रजातींमधला फरक कधी अगदी बारीक असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सिंधुदुर्गातून गेंदाची, म्हणजे गोंड्यासारखी फुलं येणाऱ्या चिमुकल्या झाडाची, एक नवी प्रजाती नोंदवली, एरिओकॉलॉन पार्विसेफॅलम. एवढ्याशा गोंड्यातली फुलं आणि बिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय या गेंदांतला फरक कळत नाही.

घाई का करायची? क्यू उद्यानाच्या २०२३च्या अहवालाचा अंदाज आहे, की अजून नाव न मिळालेल्या वनस्पतींपैकी चारातल्या तीन धोक्यात असाव्यात. कोकणात सडा म्हणजे 'पडीक जमीन'. तिथे चिरेखाण निघते, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे मारले जातात. ज्या झाडाचं नावच नाही, ते कुठल्याही यादीत येत नाही, आणि यादीत नसलेल्या झाडासाठी खाण थांबवता येत नाही.

काकू यंदा गणपतीला गावी जाणार आहेत. मी त्यांच्या नातवाला सांगून ठेवलंय: फूल दिसलं तर समोरून आणि बाजूने फोटो काढ, शेजारी रुपयाचं नाणं ठेव, सड्याचं नाव आणि तारीख लिही. कंद मात्र उकरू नकोस. "एक उकारलो तर काय जाता?" असं काकूंनी विचारलंच. त्या सड्यावर एकूण किती आहेत, तेही मोजून यायचं असं आमचं ठरलं आहे.