सोलापूरच्या गिरण्या लाल बावट्याने बंद पाडल्या? जुन्या गिरणीचं रेकॉर्ड बघा

"लाल बावट्याने संप केले म्हणून सोलापूरच्या गिरण्या बुडाल्या", इलेक्शन जवळ आलं की हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं आणि सोबत कामगार नेते दत्ता सामंतांचा फोटो. आधी फोटोचंच बघू. सामंतांचा १९८२ चा संप मुंबईच्या गिरण्यांचा होता, आणि सामंत कम्युनिस्ट नव्हतेच, १९८४ ला लोकसभेत गेले तेही अपक्ष म्हणून.

आता आपली जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी घ्या. ती ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, म्हणजे त्या संपाच्या बत्तीस वर्षं आधी. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने या एका कंपनीसाठी खास वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला आणि त्यात कारण चक्क लिहिलंय, गैरव्यवस्थापन आणि हयगय, त्यामुळे उत्पादन घसरलं आणि लोक बेकार झाले. संपाचं नावसुद्धा नाही. आणि हे लिहिणारं सरकार नेहरूंचं, जे त्याच काळात कम्युनिस्टांना जेलमध्ये टाकत होतं, त्यांना डाव्यांची बाजू घ्यायची काय गरज होती? एक शेअरहोल्डर, चिरंजीतलाल चौधरी, याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, १९५० चा तो निकाल वकिलीच्या पोरांना आजही अभ्यासाला असतो.

संप झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही, पगारासाठी झाले, बोनससाठी झाले. पण मोर्चाचा फोटो पेपरात येतो, मालकाने हिशेबात काय घोळ घातला त्याचा येत नाही, म्हणून लोकांच्या डोक्यात झेंडाच राहतो. पुढच्या वेळी फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्याला विचारा, कुठली गिरणी, कुठलं साल?