नागपुरात माजी सैनिकाला मानसिक उपचार: कार्ड, कागद आणि कुठं जायचं

पेन्शनवर घरी आलेला माणूस रात्री घामाघूम होऊन उठतो, दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की आतल्या खोलीत जाऊन बसतो, नाहीतर रोजचं पिणं सुरू होतं, आणि घरचे म्हणतात फौजी आहे नं, रागीटच असणार. पण हे महिन्याच्या वर चाललं असेल तर तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला होणारा आजार, असू शकतो, आणि तो लढाईनंतर कित्येक वर्षांनीही वर येतो, म्हणून "कारगिल 1999 ची गोष्ट, आता काय त्याचं" असं म्हणून सोडू नका.

उपचार ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतून होतात. पात्र कोण, तर पेन्शन मिळणारा माजी सैनिक, त्याची बायको, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील. बायकोचं मुद्दाम सांगतो, कारण नवऱ्याला सांभाळता सांभाळता वहिनीचीच झोप उडालेली असते, तिनंही स्वतःला दाखवावं.

कार्डाचा अर्ज ऑनलाइन. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, फोटो हे कागद आधी स्कॅन करून ठेवा. वर्गणी एकदाच भरायची, युद्धात जखमी झालेल्यांना आणि वीरपत्नींना माफ आहे. अर्ज अडकतो तो बहुतेक नावात, पीपीओवर बायकोचं नाव एक आणि आधारवर दुसरं, मग आधी रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून दुरुस्ती. गार्ड्स रेजिमेंटवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस कामठीतच आहे, बाकीच्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, पत्र कसं लिहायचं ते तिथं सांगतात.

कार्ड आलं की ईसीएचएसचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक. सहसा तिथल्या डॉक्टरनं रेफर केल्यावरच मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येतं, आणि इथंच गाडी फसते, कारण भाऊ बीपी-शुगर सांगून परत येतात. झोप, राग, दारू, वाईट स्वप्नं, सगळं सांगा, घरचं कोणी सोबत जा. उपचार म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्या नाहीत, आघातावर बोलून करायची थेरपी असते, लागलं तर सर्ट्रालिनसारखं औषध.

कार्ड नसेल तर थांबू नका हो. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचार हा हक्कच आहे. प्रत्येक केसपेपर जपून ठेवा, आजार नोकरीमुळे झाला म्हणून पुढे अपंगत्व पेन्शन मागायची झाली तर मेडिकल बोर्डापुढे तेच लागतात.

आज रात्रीच त्रास वाढला तर 14416 लावा, टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.