च्यांग-यी : ताओ पुरोहिताचा भरजरी विधिवेश

च्यांग-यी हे चीनच्या ताओ धर्मातील मुख्य पुरोहिताने मोठ्या विधीत अंगावर घ्यायचे भरतकाम केलेले रेशमी वस्त्र. 'यी' म्हणजे वस्त्र. 'च्यांग' मात्र दोन वेगळ्या चिन्हांनी लिहिलेला आढळतो. एकाचा अर्थ 'खाली उतरणे', दुसऱ्याचा 'गडद लाल'. विधीच्या सर्व वस्त्रांना मिळून 'फा-यी' असे नाव आहे.

बेतणी अगदी साधी. रेशमाचा मोठा चौकोनी पट, गळ्यापासून पुढून खालपर्यंत उघडा. वेगळ्या बाह्या जवळजवळ नाहीतच. हात आडवे पसरले की वस्त्राचा पुरता चौकोन दिसतो, आणि जुन्या चिनी कल्पनेत पृथ्वी चौकोनी व आकाश गोल असते. पुढची बाजू तुलनेने मोकळी. सगळी हौस पाठीवर. पुरोहित वेदीकडे तोंड करून उभा राहतो, तेव्हा जमलेल्या लोकांना तासन्‌तास त्याची पाठच दिसते.

त्या पाठीवर आख्खे विश्व मांडलेले असते. एका बाजूला सूर्यबिंब, त्यात तीन पायांचा पक्षी; दुसऱ्या बाजूला चंद्र, त्यात खलबत्त्यात अमृतवल्ली कुटणारा ससा. चंद्राला 'शशांक' म्हणणाऱ्यांना हा ससा ओळखीचा वाटेल. भोवती रेषांनी जोडलेले ठिपके म्हणजे तारकासमूह. काही वस्त्रांवर चंद्रमार्गावरील २८ नक्षत्रे असतात (आपल्याकडे अभिजित धरली तर तेवढीच). मध्ये स्वर्गातील प्रासाद किंवा मनोरे, खाली पर्वत आणि लाटा, मोकळ्या जागी ढग, ड्रॅगन, अष्टत्रिरेखा (तीन-तीन आडव्या रेषांची आठ चिन्हे), क्रौंच. क्रौंच उगाच आलेले नाहीत. ताओ पुरोहिताला 'पिसांचा माणूस' म्हणण्याची जुनी प्रथा आहे, आणि त्याच्या मृत्यूला 'पिसे फुटणे' म्हणतात.

या वस्त्राला नुसता पूजेचा पोशाख समजणे अपुरे आहे. विधीत पुरोहित लोकांच्या वतीने स्वर्गातील दरबारात लेखी अर्ज सादर करतो, म्हणून हा दरबारी वेशही आहे. ताओ पंडित लू श्यूचिंग (४०६–४७७) याने पाचव्या शतकातच लिहून ठेवले, की ताओ विधिवस्त्रे म्हणजे जगातील राजदरबारच्या पोशाखांसारखी. त्यांतही पाच दर्जे आणि मानमरातब. दर्जा न पाहता मिळेल ते अंगावर चढवणाऱ्या पुरोहितांवर त्याचा राग होता. दरबाराकडे जायची वाटही ताऱ्यांतूनच: सप्तर्षींच्या मांडणीप्रमाणे पावले टाकत पुरोहित चालतो. पाठीवर आकाश, पायाखालीही आकाश.

आज संग्रहालयांत दिसणारी वस्त्रे बहुतेक मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९१२) या राजवटींच्या काळातील आहेत. सोनेरी धागा करण्यासाठी कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळत. असा नाजूक धागा कापडातून ओढला तर वर्ख सोलवटतो. म्हणून तो पृष्ठावर पसरून, थोड्या थोड्या अंतरावर बारीक रेशमी टाक्यांनी बांधतात. जरदोजीचीही युक्ती हीच. बांधणारे टाके लाल असले, की सोने अधिक ऊबदार दिसते.

सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) मंदिरे बंद झाली, विधीचे पुष्कळ साहित्य नष्ट झाले. १९८०च्या दशकात चीनमध्ये विधी पुन्हा उघडपणे होऊ लागले. तैवानमध्ये परंपरा खंडित झालीच नव्हती. तेथे आणि दक्षिण चीनमध्ये चंग-यी पंथाचे (या नावाचा वस्त्राच्या नावाशी संबंध नाही) पुरोहित संसारी असतात, विद्या घराण्यात चालते. 'च्याओ' या अनेक दिवसांच्या गावविधीत मुख्य पुरोहित च्यांग-यी घालतो, मुकुटावर ज्वाळेच्या आकाराचा काटा खोवतो. सहायकांची वस्त्रे त्यामानाने साधी. नवी वस्त्रे बरीचशी यंत्रावर भरलेली असतात.

संग्रहालयात हे वस्त्र सहसा बाह्यांतून दांडी घालून, हात पसरल्यासारखे टांगतात, आणि पाठ पाहणाऱ्यांकडे ठेवतात.