पाळकाचा कळवळा कोणाला? एका जुन्या दिलाशाची पार्श्वभूमी

सांगली-मिरज भागातल्या पाळकांच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्या सांभाळणाऱ्या धर्मसेवकांच्या, एका बैठकीत मध्यंतरी एक प्रश्न निघाला. वीसेक वर्षं सेवेत असलेले एक जण म्हणाले, "घरोघर जाऊन आम्ही लोकांना धीर देतो. आमच्या घरी कोण येतं?" कोणी लगेच बोललं नाही. मग नेहमीचं उत्तर आलं, की सेवकानं खचून चालत नाही, आपण खचलो तर मंडळी कोणाकडे बघणार. चहा झाला, विषय बदलला. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. कारण "सेवकानं खचायचं नाही" ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती शास्त्रातलीच वाटते. मूळ वचनं आणि मंडळीचा इतिहास वेगळं सांगतात.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात आहे. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद 'स्प्लांख्निझोमाय'. त्याच्या मुळाशी आहे 'स्प्लांख्ना', म्हणजे आतडी, पोटातली इंद्रियं. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं, जवळच्यांना आपण आतड्याची माणसं म्हणतो. माया पोटात असते हे मराठी माणसाला कोणी शिकवलेलं नाही. हे क्रियापद नव्या करारात बारा वेळा येतं, बाराही वेळा मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत. दरवेळी ते एकतर येशूबद्दल आहे, त्याच्याकडे केलेल्या विनवणीत आहे, किंवा त्यानं सांगितलेल्या दाखल्यांतल्या माणसांबद्दल आहे: कर्ज सोडणारा धनी, वाटेवर थांबणारा शोमरोनी, धावत सुटलेला बाप.

हा कळवळा लोकांसाठी, आजाऱ्यांसाठी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मार्काचा सहावा अध्याय सावकाश वाचला की आणखी एक गोष्ट दिसते. प्रेषित गावोगाव फिरून परत आले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी रीघ की त्यांना जेवायलाही सवड नाही. तेव्हा येशू त्यांना म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या. हे एकतिसावं वचन. गर्दीचा कळवळा आला ते चौतिसावं. म्हणजे सेवकांचं उपाशी पोट त्याच्या नजरेला आधी पडलं. विसावा काही मिळाला नाही, कारण लोक आधीच काठावर येऊन थांबले होते. मग शिकवायला तो स्वतः उभा राहिला. संध्याकाळी "तुम्हीच त्यांना खायला द्या" असं तो शिष्यांना म्हणाला, हेही त्याच अध्यायात आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे.

त्याच्याही आधी, जुन्या करारात, एलीया आहे. कर्मेल डोंगरावर सगळ्या राष्ट्रासमोर जिंकलेला हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याची कानउघाडणी करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि सांगतो, खा, कारण वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. देवाचा प्रश्न त्यानंतर येतो, खाणं-झोपणं झाल्यावर.

पण या विषयाचा खरा कणा म्हणजे इब्री लोकांस लिहिलेलं पत्र. त्याचा लेखक कोण हे पत्रात कुठं सांगितलेलं नाही. वाचक कसे होते ते मात्र ओळीओळीतून कळतं: थकलेले, सभेला येणं सोडू लागलेले. चौथ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात त्यांना सांगितलं आहे की आपल्या दुर्बलतेविषयी ज्याला सहानुभूती वाटत नाही असा आपला प्रमुख याजक नाही. 'सहानुभूती' हा शब्द अर्जांनी झिजवला. "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असं आपण तहसीलदारालाही लिहितो. मूळ शब्दाचा अर्थ सोबत सोसणं. सोसणारा बाहेर उभा नाही, आत आहे. पुढच्याच अध्यायात लेखक कोणत्याही याजकाबद्दल एक विधान करतो: तो अज्ञानी आणि वाट चुकलेल्यांशी सौम्यतेनं वागू शकतो, कारण तो स्वतः दुर्बलतेनं वेढलेला आहे. पाळकांच्या दीक्षाविधीत हे वचन मोठ्यानं वाचलं जावं असं मला फार वाटतं. दुर्बलता ही इथं सेवेतली अडचण म्हणून लिहिलेली नाही, सौम्यतेचं कारण म्हणून लिहिली आहे. ख्रिस्ताच्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेखही त्याच ठिकाणी येतो.

ख्रिस्त खरोखर आपल्यासारखा थकला का, यावर मंडळी पुढं काही शतकं भांडली. लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस याचं म्हणणं होतं की ख्रिस्ताचं शरीर माणसाचं, पण मन माणसाचं नाही. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं हे मत नाकारलं. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा युक्तिवाद थोडक्यात असा, की ख्रिस्तानं आपलं जे घेतलं नाही ते बरंही झालं नाही. माझं मन खचतं. त्यानं मन घेतलंच नसेल तर माझ्या खचण्यावर त्याच्याकडे औषध नाही. ४५१ च्या खाल्केदोनच्या परिषदेत तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य हे शब्द पक्के झाले. तरी सातव्या शतकात वाद पुन्हा पेटला, आणि या वेळी येशूनं अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेवरून: "माझ्या इच्छेप्रमाणे नको" असं म्हणणाऱ्याला स्वतःची मानवी इच्छा होती की नव्हती? होती, असं ठामपणे सांगणाऱ्या मॅक्सिमस या वृद्ध भिक्षूची जीभ आणि उजवा हात छाटला गेला, आणि ६६२ मध्ये तो हद्दपारीत मेला. ६८०-८१ च्या परिषदेनं त्याचंच म्हणणं मान्य केलं. बागेत ज्याला मरणप्राय दुःख झालं, मित्रांनी जागं राहावं असं ज्याला वाटलं, त्याचं ते वाटणं नाटक नव्हतं, हे शाबूत ठेवायला इतकी किंमत पडली.

सेवकाच्या दुर्बलतेचा प्रश्न उत्तर आफ्रिकेत वेगळ्या वाटेनं आला. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही पाळकांनी जीव वाचवायला शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर दोनातुसाचा पक्ष म्हणू लागला, की अशांच्या हातचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. तिथलाच बिशप ऑगस्टिन यानं पुढं याला शेवटपर्यंत विरोध केला. त्याचा मुद्दा होता, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे, पाळकाचा फक्त हात. हे वाक्य मोडलेल्या सेवकाला सूट देण्यासाठी नाही. मंडळीचा भार त्याच्या खांद्यावर कधी नव्हताच, हे त्याला कळावं म्हणून आहे.

मधली शतकं ओलांडून एकच उदाहरण घेतो, कारण ते पाळकांच्या फार जवळचं आहे. १८५६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका सभागृहात नावाजलेले पाळक चार्ल्स स्पर्जन प्रवचन करत होते. वय बावीस. "आग" अशी खोटी ओरड झाली, चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन त्यातून कधी पूर्ण सावरले नाहीत. पुढं आपल्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी सेवकाच्या निराशेवर एक अख्खं व्याख्यान दिलं, स्वतःचं दुखणं न लपवता.

आपल्या भागात ख्रिस्ती सेवा आली तीच मुळी आजारी शरीरांनी. मुंबईत १८१३ ला उतरलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक भागात दौऱ्यावर असताना पटकीनं गेले. ॲलन ग्रेव्हज तब्येतीपायी महाबळेश्वरला राहिले आणि १८४३ मध्ये तिथंच वारले. सातारा जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासाचं एक टोक असं, हवापालट करायला आलेल्या आजारी माणसाकडे जातं. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले, त्या कामाच्या फांद्या पुढं सांगली-मिरजेला पोचल्या. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. मिरज-सांगली रस्त्यावरच्या वानलेसवाडीचं नाव क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या त्यांच्या आरोग्यधामावरून आलं. बरे व्हायला महिनोन् महिने लागणारे, घरच्यांनीही दूर ठेवलेले लोक तिथं असत. इथल्या मंडळ्यांना 'अशक्त देह' हे शब्द पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. संतांच्या अभंगांतला कळवळा हा त्यांच्या घरचाच शब्द होता. म्हणूनच त्यांच्या ख्रिस्तगीतांतला ख्रिस्त सिंहासनापेक्षा आईच्या जवळ जातो. पण टिळक आपल्याला नीट दिसतात ते लक्ष्मीबाईंमुळे. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी नवऱ्याचा तापट स्वभाव, घरात काही नसताना हातातलं देऊन टाकणं, तडकाफडकी निघून जाणं, सगळं लिहिलं. मायेनं लिहिलं, पण झाकलं नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या सर्वांत मोठ्या सेवकाचा राग आणि रडणं ठाऊक आहे, ते एका बाईनं ते सांगण्याची हिंमत केली म्हणून. असं असूनही आपल्या मंडळ्यांत पाळकाचं दुखणं कुजबुजीत का राहतं, हे मला उमगत नाही. औषधं चालू असलेल्या एका पाळकांना समितीनं "विश्वास कमी पडला का" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. येशूच्या अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला ओळखायचं नाकारलं, तेव्हा जवळ कोळशाचा विस्तव होता. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूनं त्याला पुन्हा बोलावलं, तिथंही कोळशाचाच विस्तव होता, वर मासे आणि भाकर. नव्या करारात हा विस्तवाचा शब्द या दोनच ठिकाणी आहे. चौकशी झाली, तीनदा झाली, पण न्याहारीनंतर. आणि प्रश्न विश्वासाचा नव्हता, प्रीतीचा होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या ओळखीचे एक पाळक आठ-दहा दिवस होडीतून आणि ट्रॅक्टरवरून फिरत होते: पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, औषधं. पूर ओसरल्यावरच्या रविवारी उपासनेला भिंतींवर छातीएवढ्या उंचीची चिखलाची रेघ होती, गीतपुस्तकं बाहेर उन्हात पसरली होती, पानं एकमेकांना चिकटलेली. पाळक संदेशाला उभे राहिले, शास्त्र उघडलं आणि गप्प झाले. एक मिनिट गेलं, दोन गेली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिचं स्वतःचं घर त्या आठवड्यात पाण्यात होतं. "साहेब, बसा की जरा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या," ती म्हणाली आणि थर्मासातला चहा झाकणात ओतून त्यांच्या हातात दिला. ते वेदीच्या पायरीवर बसले. चहा पिईपर्यंत तिनं एकटीनं गीत धरलं, मग बाकीच्यांनी उचललं. त्या रविवारी संदेश झाला नाही.