तारीख एक, दिवस वेगळा

दिनविशेषात २३ एप्रिलला एक ओळ हमखास असते: शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तिस या दोघांचाही मृत्यू २३ एप्रिल १६१६ रोजी, म्हणजे एकाच दिवशी झाला. या ओळीतला ‘म्हणजे’ चुकीचा आहे. तारीख एकच लिहिलेली आहे, पण दिवस एक नाही. इंग्लंडात शेक्सपिअरने डोळे मिटले तेव्हा माद्रिदमध्ये ३ मे चालू होता आणि सर्व्हान्तिसचं दफन होऊन दहा दिवस उलटले होते. शिवाय २३ एप्रिल ही सर्व्हान्तिसच्या दफनाची नोंद आहे. मृत्यू आदल्या दिवशीचा मानतात.

याच्या शेजारी दुसरी जोडी ठेवून पाहा. जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ रोजी वारले, तेही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. देश एक, कालगणना एक, दोघांच्या मृत्यूत अंतर काही तासांचं. योगायोग म्हणायचा तर हा खरा. पहिल्या जोडीत फक्त आकडे जुळले आहेत.

असं होतं याचं कारण १५८२ सालात आहे. तोवर युरोपात ज्युलियन कालगणना चालत होती. तिचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. शतकानुशतकं ही मिनिटं साचत गेली आणि ईस्टरचा सण ऋतूंशी जुळेना. म्हणून पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस गाळले: गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर. तारीख उडी मारून पुढे गेली, वार मात्र क्रमानेच आला, हे लक्षात ठेवा. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नवी गणना लगेच घेतली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचं ऐकायला १७५२ उजाडू दिलं.

हा वाद दूर युरोपातला वाटतो, पण तो आपल्या कोकण किनाऱ्यावर रोज नांदत होता. गोवा आणि वसई पोर्तुगीजांकडे, तिथे नवी गणना. मुंबई इंग्रजांकडे, तिथे जुनी. फरक आधी दहा दिवसांचा होता, १७०० च्या फेब्रुवारीनंतर तो अकरा दिवसांचा झाला. मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत १७५२ पूर्वीच्या तारखा सहसा जुन्या इंग्रजी पद्धतीने देतात, तर पोर्तुगीज कागदांवरून लिहिणारे नवी तारीख देतात. त्यामुळे एकच घटना दोन तारखांना दिसते.

चिमाजी अप्पांची वसईची मोहीम पाहा. कुठे शरणागतीचा तह ५ मे १७३९ चा सांगतात, कुठे १६ मेचा. पोर्तुगीजांनी किल्ला सोडला तो एका ठिकाणी १२ मे, दुसऱ्या ठिकाणी २३ मे. वाचणाऱ्याला वाटतं की अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद काहीच नाही, पाचात अकरा मिळवले की सोळा आणि बारात अकरा मिळवले की तेवीस. घोटाळा होतो तो एक आकडा इथून आणि एक तिथून उचलला की. तह ५ मेला आणि किल्ला रिकामा २३ मेला असं लिहिलं, तर सात दिवसांची मुदत अठरा दिवसांची होऊन बसते. हे फार गंभीर आहे, कारण त्यावरून पुढचे तर्क लढवले जातात.

म्हणजे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. शेक्सपिअर-सर्व्हान्तिसमध्ये तारीख एक आणि दिवस दोन, वसईत दिवस एक आणि तारखा दोन. दोन्हींवर उपाय एकच, वार. कालगणना बदलली तरी वाराची साखळी तुटली नाही.

शिवराज्याभिषेकावर हे करून बघता येतं. ६ जून १६७४ ही तारीख संगणकावर टाकून वार शोधला की बरीच साधनं बुधवार सांगतात, कारण ती आजचीच गणना मागे ताणत नेतात. मग कोणीतरी जाहीर करतं की जुन्या नोंदींतला शनिवार चुकला. चुकलेलं काही नसतं. ६ जून ही जुन्या पद्धतीची तारीख आहे, आजच्या पद्धतीने ती १६ जून येते आणि १६ जून १६७४ ला शनिवारच होता. ६ जूनच्या दिनविशेषात राज्याभिषेक आणि १९४४ चं नॉर्मंडीचं आक्रमण एकाखाली एक छापतात, त्यात आकड्यापलीकडे काही समान नाही.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. जेधे शकावलीत, म्हणजे शकवार घटनांच्या जुन्या मराठी टिपणात, महाराज सिंहासनावर बसल्याची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी आहे, तीन घटका रात्र उरली असताना. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला तासाभराहून थोडा अधिक वेळ बाकी होता. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून लिहिणाऱ्याने शुक्रवार लिहिला. इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदलला होता, म्हणून शनिवार. उत्सव त्रयोदशीचा होतो तो सूर्य उगवल्यावरच्या तिथीचा. शुक्रवार आणि शनिवार या दोन्ही नोंदी एकाच पहाटेच्या आहेत.

शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुनी तारीख आहे, आजच्या गणनेने १ मार्च. फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शके १५५१. माझ्या मते उत्सवाची तारीख बदलायची काही गरज नाही. फक्त जन्माची तारीख आजच्या पद्धतीने आणि ३ एप्रिल १६८० ही निधनाची तारीख जुन्या पद्धतीने धरून हिशेब करू नये.

कधी दिवसच काय, वर्षही हलतं. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची पहिली लूट इंग्रजी गणनेने १६६३ मध्ये पडते. त्याच शहरात डचांचीही वखार होती. इंग्रजांच्या ६ जानेवारी १६६३ ला डच १६ जानेवारी १६६४ म्हणत. वार दोघांचाही बुधवार.

१७५२ नंतर हे सगळं थांबतं, त्यामुळे पानिपतच्या १४ जानेवारी १७६१ मध्ये काही मिळवायचं नाही की वजा करायचं नाही. पण तिथे दुसराच सापळा आहे. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, म्हणून लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपण सहज बोलून जातो. मकर संक्रांत इंग्रजी तारखांमध्ये सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि तारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं मागे गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. भाऊसाहेबांचं सैन्य रणात उतरलं ते तिच्यानंतर तीन-चार दिवसांनी, पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी.