वाचनालयाचा छायाचित्रण वर्ग: अर्ज, कागदपत्रं आणि संमतिपत्रं

पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी छायाचित्रण वर्ग भरतो. सहामाही परीक्षा सुरू असतानाच अर्ज मिळू लागतात, आणि पहिल्याच दिवशी काही पालक कागदांची जाडजूड फाईल घेऊन येतात. एवढं काही लागत नाही. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो संमतिपत्राला, आणि नेमकं तेच लोक न वाचता सही करून देतात.

वर्ग सुरू होईल त्या दिवशी मुलाला ९ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि १८ पूर्ण झालेली नकोत. ९ ते १२ आणि १३ ते १७ असे दोन गट असतात. मूल बालसभासद नसेल तर अर्जासोबतच नाव नोंदवता येतं. शाळा महापालिकेची की खासगी, माध्यम कोणतं, हे विचारलं जात नाही. शाळा सुटलेली मुलंही चालतात. त्यांनी तर यावंच. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या मुलांना आधी जागा मिळते, कारण लहान गटातली मुलं एकटी चालत येतात. फी नाही. कॅमेराही लागत नाही, घरचा मोबाईल पुरतो. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांना वाचनालयाचा कॅमेरा मिळतो, दोघांत एक.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखल्याच्या मागे धावू नका. तो जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातूनच मिळतो. बाळंतपण आईच्या माहेरी झालं असेल तर त्यासाठी मालेगावला नाहीतर जळगावला खेटे घालावे लागतात. शाळेचं बोनाफाईड पुरतं, फक्त त्यावर जन्मतारीख आहे ना एवढं बघा. शाळेत नसलेल्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड चालतं. आधार सक्तीचं नाही. द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या: त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. पत्त्यासाठी लाईटबिल, घरपट्टीची पावती किंवा रेशनकार्ड यांपैकी एकाची झेरॉक्स. लाईटबिल घरमालकाच्या नावावर असेल तरी घेतो. आपण तिथे राहतो असं साध्या कागदावर लिहून सही करा.

आता संमतिपत्रं. ती दोन आहेत आणि मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. पहिलं वर्गाला आणि बाहेरच्या फेरीला पाठवण्याचं: मुलाला दम्यासारखा काही त्रास आहे का, घ्यायला कोण येणार, कुठला नंबर नक्की उचलला जातो. मूल आजी-आजोबांकडे राहत असेल तर त्यांची सही चालते, आई किंवा वडिलांशी आम्ही फोनवर बोलून घेतो.

दुसरं फोटोंचं. मुलाने स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार त्या मुलाचाच असतो, वाचनालयाचा नाही. म्हणून भिंतीवर लावायलाही परवानगी लागते, आणि मूल सज्ञान नसल्याने ती पालकांकडून घ्यावी लागते. या कागदावर तीन प्रश्न आहेत: मुलाने काढलेले फोटो वाचनालयातल्या प्रदर्शनात लावायचे का, इंटरनेटवर टाकायचे का, आणि वर्गात मुलाचा स्वतःचा फोटो कुणी काढला तर चालेल का. तिन्हींना वेगवेगळं उत्तर देता येतं. तिन्हींना ‘नाही’ लिहिलंत तरी प्रवेशावर परिणाम होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

या कागदावर मुलाचीही सही घेतो. कायदा ती मागत नाही. मागे एका मुलाने घरात काढलेला फोटो भिंतीवर लागला. पालकांची सही होती, पण त्याला तो कुणाला दाखवायचाच नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो उरलेले दिवस आला नाही. ती चूक आमची होती.

कागदाच्या मागच्या बाजूला फेरीचे नियम आहेत, ते घरी मोठ्याने वाचा. रामकुंडावर आंघोळ करणाऱ्यांचे आणि दशक्रियेला बसलेल्यांचे फोटो काढायचे नाहीत. बुधवारच्या बाजारात आधी विचारायचं, मग कॅमेरा उचलायचा. भाजीवाल्या मावशी नको म्हणाल्या तर विषय संपला. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आणि देवळालीचा लष्करी भाग इथे कुणीही, सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत गेलं तरीही, वर्गासाठी फोटो काढायचे नाहीत.

भरलेला अर्ज देवघेव विभागात द्या आणि पोच मागून घ्या. कागद कमी असेल तर पोचेवरच लिहून मिळतं; त्यासाठी अर्ज परत केला जात नाही. मुलाखत नाही, मार्क बघत नाही. अर्ज जास्त आले तर मुलांसमोर चिठ्ठ्या टाकतो आणि यादी त्याच दिवशी फलकावर लागते. प्रतीक्षा यादीतल्यांनी फोन चालू ठेवावा, कारण दिवाळीत मुलं गावाला जातात आणि वर्गाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत जागा रिकाम्या होत असतात.

निवड झाली की मोबाईलमध्ये थोडी जागा रिकामी करून ठेवा. घरचा फोन आईचा किंवा बाबांचा असतो, त्यात बँकेचे मेसेज असतात. तेव्हा पाठवण्याआधी बँकेच्या आणि पैशांच्या ॲपना वेगळं कुलूप लावा.